ऊन, गर्दी आणि आपले विनोदी लेखक

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची चाल पडली. चकली, करंजी, लाडू हे जसे ठरलेले, तसे अंकातले जिन्नसही पुढे ठरत गेले. एक दीर्घकथा, एक शिकारीची गोष्ट, वर्षाचे भविष्य, दोन-चार व्यंगचित्रे आणि एक 'आमची सहल'. यांतला शेवटचा जिन्नस मी शाळकरी वयापासून आवडीने खात आले आहे. टीकाकारांनी कादंबरीवर लिहिले, नवकथेवर लिहिले, नवकवितेवरून तर एकमेकांची तोंडे पाहणे सोडले; पण फसलेल्या सहलीच्या विनोदी लेखाकडे कोणी मान वळवून पाहिले नाही. घरोघर वाचला जाणारा प्रकार इतका बेवारस असावा हे बरे नव्हे, म्हणून हा खटाटोप.

लेख बहुधा असा असतो. लेखक हा गृहस्थ असतो. कॅलेंडरात कोठेतरी तीन सुट्ट्या एकापाठोपाठ येतात. बायको म्हणते, 'कुठेतरी जाऊ या.' गृहस्थ 'नको' म्हणतो आणि त्याचे कोणी ऐकत नाही. मग डबे, पिशव्या, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, मुले आणि एखादी सासू. गाडी चुकते, मिळालीच तर तीत उभे राहावे लागते. ऊन रणरणत असते. मुक्कामी पोचावे तो सारे गाव आपल्या आधीच तेथे आलेले. सावली नाही, आहे तेथे दुसऱ्याची सतरंजी. धाकटे रडते, थोरला हरवतो, भाजीचा डबा सांडतो, बायको रुसते. रात्री गृहस्थ आपल्या खाटेवर अंग टाकतो आणि आपल्या घरासारखे सुख नाही, असे म्हणून झोपी जातो. हसू येते यात वाद नाही. पण दरवर्षी त्याच जागी येते, आणि त्याच माणसांवर येते.

हा साचा मुळात वाईट नव्हता. जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाचे तीन मित्र आणि एक कुत्रा १८८९ साली थेम्स नदीतून नावेने सहलीला निघाले. ते पुस्तक आपल्याकडेही आवडीने वाचले गेले. त्या नावेत बायका नाहीत. तंबू उभा राहिला नाही, डबा फुटला नाही, तर ती फजिती त्या तिघांची. आपल्या चि. वि. जोशींचा चिमणराव घराबाहेर पडला की फजिती ठरलेलीच. पण तो ती स्वतःच्या तोंडाने सांगतो. काऊ आपल्यापेक्षा शहाणी आहे हे त्याला कळत नाही आणि वाचकाला कळते. सारी गंमत त्या फटीत आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधले भ्रमणमंडळ मुंबईहून पुण्याला जायला निघते आणि त्या एवढ्याशा प्रवासाला दिग्विजयाचा थाट चढतो. तेथे हसायचे ते माणसांच्या स्वतःविषयीच्या कल्पनांना. उन्हाला नव्हे, गर्दीला नव्हे, आणि डबा भरणाऱ्या बाईला तर नव्हेच.

यांच्यामागून आलेल्यांनी उचलले ते फक्त सामान. पिशव्या आल्या, सासू आली, सांडलेली भाजी आली. फजिती मात्र गृहस्थाच्या अंगावरून सरकून बायकोच्या अंगावर गेली. हौस तिची, हट्ट तिचा, रुसवा तिचा. गृहस्थ बिचारा उन्हात हमाली करतो. (जाता जाता सांगते, आगगाडीतल्या गर्दीचे हे सगळे विनोद आम्ही बीडकरांनी परीकथेसारखे वाचले. जिल्ह्यात परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. बीड शहरात ती यायला २०२५ साल उजाडावे लागले. तोवर आमची गर्दी एस. टी.तली आणि काळीपिवळीतली, आणि तिच्यावर कोणी लिहीत नव्हते.)

माझा पहिला आक्षेप स्वयंपाकघरातला आहे. हा लेख सुरू होतो सकाळी सातला, एस. टी.च्या स्टँडवर. सहल सुरू झालेली असते पहाटे चारला. दशम्यांचे पीठ दुधात भिजवायचे, धपाटे थापायचे, शेंगदाण्याची चटणी कुटायची, दही फडक्यात टांगून ठेवलेले सोडवायचे, कांदे मोजून घ्यायचे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या आठवणीने बांधायच्या, आणि मागे घरात राहणाऱ्या एखाद्या आजारी माणसाची भाजीभाकरी झाकून ठेवायची. ज्या उन्हाविषयी गृहस्थ दोन पाने तक्रार करतो ते उगवण्याआधीच तिचे अर्धे ऊन चुलीपाशी सोसून झालेले असते. लेखकाला हे ठाऊक नसते असे नाही. पण ते लिहिले तर 'हिची हौस' हा विनोद उभा राहत नाही, म्हणून लेखाची सुरुवात स्टँडवर होते.

या संदर्भात मला नेहमी प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्ट आठवते. सणाचा दिवस, मोठी गर्दी, खेळणी आणि मिठाईची दुकाने. हमीदच्या खिशात तीन पैसे आहेत. बाकीची पोरे खेळणी घेतात; तो लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटे भाजतात. जत्रेच्या ऐन भरात लेखकाला आठवण झाली ती चुलीच्या धगीची! चार-पाच वर्षांच्या पोराला जे सुचले ते आमच्या साच्यातल्या बापयांना सुचत नाही. वाचताना डोळे ओले होतात ते आजीच्या गरिबीने, असे आपण समजतो. माझ्या मते ते होतात, त्या पोराने घरातले काम पाहिलेले असते म्हणून.

तेच प्रवास बाईने सांगितले तर कसे होतात, हे पाहायला मराठीत फार लांब जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. टिळकांच्या लहरीपायी घडलेले किती प्रवास त्यांत आहेत! त्रास आहे, पैशाची ओढाताण आहे, भूक आहे. आणि हसू असे, की ज्याच्यामुळे हे सगळे घडते त्याच्यावरची माया त्या हसण्यात कोठेही आटत नाही. नवऱ्याला हसण्याचा अधिकार त्यांनी सोसून मिळवला होता. आपल्या साच्यातला गृहस्थ बायकोला हसतो तो अधिकार त्याने कोठून आणला?

दुसरा आक्षेप 'गर्दी' या शब्दाचा. 'गर्दी फार होती' असे लिहिणारा स्वतःला सोडून बाकी सर्वांना मोजतो. परळीच्या वैजनाथाला महाशिवरात्रीला किंवा एखाद्या श्रावणी सोमवारी जाऊन पाहावे. (बारा ज्योतिर्लिंगांतले वैजनाथ ते आमचेच, असे आम्ही म्हणतो, देवघरचे लोक ते त्यांचे म्हणतात. तो वाद येथे नको.) पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची येथली परंपरा, त्यामुळे रांग मुंगीच्या पायाने सरकते. त्या रांगेत एकापाठोपाठ दोन घरे उभी असतात. एक यात्रेला आलेले आहे, दुसरे सहलीला. पाय दोघांचेही भाजतात. पहिल्या घराला रांग लांबली याचे दुःख नाही. इतकी माणसे आली म्हणजे देव जागा आहे. दुसरे घर दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहते आणि म्हणते, 'लोकांना आजच यायचं होतं का?' 'यात्रा' आणि 'जत्रा' हा मुळात एकच शब्द. एक पोथीत राहिला, दुसरा गावात राहायला गेला. दोघांनाही गर्दी ही मिळकत वाटते. 'सहल' मात्र एकट्याने मजा करायला निघालेली असते, म्हणून तिला दुसरा माणूस भेटला की लुबाडल्यासारखे होते.

गर्दीच्या आत उभे राहून लिहिता येते, हे आपल्या दोघा लेखकांनी दाखवले आहे. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख वारीवरचा. त्या दिंडीबरोबर चालल्या आणि एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा माणसे जेवायला वेगवेगळी बसतात हे पाहून त्यांचे मन दुखले. गर्दीला दुरून नाक मुरडणाऱ्याला हे दिसले नसते. तिच्यात विरघळून गेलेल्यालाही दिसले नसते. दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक तर पायांचे, भुकेचे, झोपेच्या जागेचे पुस्तक आहे. ऊन आहे, धूळ आहे, ओळख नसलेल्या माणसांच्या कुशीला कूस लावून निजणे आहे. पण मोकाशी तक्रार सांगत नाहीत, हकीगत सांगतात. तक्रारीत सांगणाराच तेवढा दिसतो. हकीगतीत शेजारचाही दिसतो. दोघेही एकटे निघाले होते, घरच्यांचा डबा त्यांच्या खांद्यावर नव्हता, ही सवलत मी त्यांच्या नावे मांडून ठेवते. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'लाही (१९५६) ती द्यावी लागेल. चैत्र-वैशाखाच्या तापात त्यांना मोहोर आणि पालवी दिसते. ते खरेच आहे. पण कडेवर पोर नसले म्हणजे पालवी लवकर दिसते.

आता उन्हाकडे येते. आपल्या जुन्या माणसांनी बाहेर जेवायला जायचे दिवस विचार करून ठरवले होते. आवळीभोजन कार्तिकात. कपिलधारेला 'परमरहस्य'कर्त्या मन्मथस्वामींची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला. पाऊस सरलेला, हवा गार, रानात रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी. पाटोद्याकडे सौताड्याचा धबधबा पाहायचा तर श्रावण-भाद्रपदात. वैशाखात काय पाहणार? तेथे तेव्हा धबधब्याचा दगड असतो. पण आपल्या सहली मुलांच्या शाळेला बांधलेल्या, आणि शाळेची मोठी सुटी मे महिन्यात. ती दिली आहे ऊन फार म्हणून. ज्या उन्हात वर्गात बसवत नाही त्याच उन्हात डोंगर चढायचा आणि आनंदी राहायचे, असा हा हिशेब आहे. मग घरची मंडळी अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपाशी जातात, सावली धरून दशम्या खातात, आणि जिथल्या दगडावर पाठ टेकली तो 'विवेकसिंधु'कारांचा शेजार आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आद्यकवीचा याहून बरा उपयोग करता आला असता. पण सावली देणारा कवी काही वाईट नव्हे.

उन्हावर विनोद किती करावा यालाही एक मर्यादा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उघड्या मैदानात लाखो माणसे जमली होती. त्यांतली चौदा उष्माघाताने दगावली. ही माणसे हौसेने, श्रद्धेने, घरच्यांना सांगून निघालेली होती. दिवाळीच्या अंकात हे का, असे कोणी विचारील. विनोदी लेखांतले ऊन कधी कोणाला लागतच नाही, नुसता घाम काढते, म्हणून लिहिले. ज्या लेखकाला उन्हाचे भय ठाऊक आहे त्याचा उन्हावरचा विनोदही अधिक भरीव होईल, अशी माझी समजूत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) दुष्काळ ज्याने वाचला त्याला हे वेगळे सांगायला नको.

माझा खरा राग या साच्यावर आहे तो वेगळ्याच कारणाने. मी शाळेत मराठी शिकवते, आणि 'आमची सहल' हा निबंध दरवर्षी तपासते. चाळीस वह्यांपैकी तीस वह्या महाबळेश्वरला जातात. थंडगार वारा सुटलेला असतो, स्ट्रॉबेरी खाल्लेली असते, घोड्यावरून फेरी मारलेली असते, आणि संध्याकाळी सूर्यास्त पाहून 'जड अंतःकरणाने' परत यायचे असते. या पोरांतले एखादे तरी महाबळेश्वरला गेले असेल का? ती गेलेली असतात कपिलधारेला, परळीला, मामाच्या गावच्या जत्रेला. पण ते निबंधात लिहायचे नसते अशी त्यांची पक्की खात्री आहे, कारण गाइडमध्ये ते नाही. गाइडात नाही, कारण पाठ्यपुस्तकात नाही. आणि मोठ्यांच्या अंकातही नाही. तेथे ऊन म्हणजे मजेवर पडलेले विरजण. यांच्या घरी मात्र मजा असते तीच मुळी उन्हाळ्यात.

याचे कारण सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. भांडी, कोंबड्या, ज्वारीची पोती, वर पोरे. नवराबायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या वहीत एक 'कोयता'. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत राहायचे, पहाटेच्या थंडीत फड गाठायचा. कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे परत. तोवर चैत्र आलेला असतो. गावोगावच्या जत्रा तेव्हाच, लग्ने तेव्हाच. हिवाळ्याची गुलाबी थंडी या घरांनी उसाच्या पाचटात घालवलेली असते. घरी राहायचे, एकत्र जेवायचे, देवाला जायचे दिवस त्यांना मिळतात ते चाळीस अंशांच्या वर पारा गेलेले. त्यांना कोणी सांगावे, की सहलीला हवा गार पाहिजे?

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने याच निबंधात महाबळेश्वर सोडून दिले. अर्धे पानच लिहिले होते. कारखान्याला आम्ही ट्रकमधून जातो पण ती सहल नव्हे, असे आधीच सांगून टाकलेले. मग परत आल्यावर गावच्या जत्रेचा दिवस. तळपाय भाजत होते म्हणून ती आईच्या सावलीत पाय टाकत चालली. आईने बांगड्या भरल्या. बापाने दोनदा पैसे मोजले आणि मग आकाशपाळण्यात बसवले. वरून सगळा गाव दिसला. आणि पुढे हे वाक्य: 'गर्दी खूप होती. सगळे परत आले होते.'

परीक्षेच्या मापाने या निबंधाला गुण फार नाहीत. प्रस्तावना नाही, उपसंहार नाही, निसर्गवर्णन नाही, सुविचार नाही. पण टीकाकार म्हणून पाहू. आईच्या सावलीत पाय टाकत चालणे हे त्या उन्हाचे मी वाचलेले सर्वांत नेमके वर्णन आहे; ऊन किती होते ते 'रणरणते' या शब्दाने कळत नाही, ते या चालण्याने कळते. बाप दोनदा पैसे मोजतो, यात गरिबी आली आणि हौसही आली, आणि दोन्हींपैकी कशाचे नावही घ्यावे लागले नाही. शेवटच्या दोन वाक्यांविषयी तर काय लिहावे! पहिले वाक्य आपल्या विनोदी लेखकांच्या प्रत्येक लेखात आहे. दुसरे एकाच्याही लेखात नाही. सहा महिने ज्या गावात म्हातारी आणि कुत्री तेवढी राहतात, तेथे गर्दी हा आनंदाचा शब्द आहे, हे त्या मुलीला वेगळे समजावून सांगावेसे वाटले नाही. मी पूर्ण गुण दिले. पुढच्या परीक्षेला तीही महाबळेश्वरला गेली. कोणीतरी तिला गाइड दिले असावे.

पुण्या-मुंबईच्या लेखकांनी आमच्यावर लिहावे असे माझे म्हणणे नाही. आमच्या भागातले विनोदी लेखकही तोच साचा वापरतात याचे वाईट वाटते. धपाटे काढून सँडविच भरले जाते, काळीपिवळीची लोकल होते, आणि ज्यांनी स्वतः आयुष्यभर जत्रेतच मजा केली ते कागदावर गर्दीला नाके मुरडतात. याला मी सभ्यपणाची हौस म्हणते.

२०२३ सालापासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून या साच्याला एक नवी फोडणी मिळाली आहे. बायका उगाच फिरतात, बस नुसत्या बायकांनी भरतात, कामाच्या माणसाला जागा मिळत नाही, असा विनोद कट्ट्यावर चालतो आणि एखाद्या अंकातही छापून येतो. त्या बशीत बसलेल्या बाईने लिहिलेला लेख मात्र माझ्या वाचनात अजून आलेला नाही. एक ऐकला आहे. श्रावणातला सोमवार होता, पाऊस दडी मारून बसला होता आणि ऊन वैशाखासारखे पडले होते. परळीहून अंबाजोगाईमार्गे येणाऱ्या गाडीत माझ्याशेजारी एक पन्नाशीची बाई बसली. दोन जावांबरोबर वैजनाथाला जाऊन आली होती. चार तास रांगेत उभी, दर्शन पापणी लवेपर्यंतचे. मी म्हटले, 'फार हाल झाले म्हणायचे तुमचे.'

ती म्हणाली, 'कशाचे हाल बाई! चार घंटे नुसती हुबी व्हते. रांगंत कुणी च्या मागतंय का पाणी मागतंय?'

आणि तिने पिशवीतून प्रसादाचा पुडा काढून माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. केजला ती उतरली.